ह्यू लॉरीचे ब्लूज : एका वादाची पार्श्वभूमी

ह्यू लॉरीबद्दल लिहायला बसलं की 'अष्टपैलू' हा शब्द हमखास येतो. नट, कादंबरीकार, पियानोवादक, गायक, दिग्दर्शक असं एका दमात म्हणून टाकलं की परिचय झाला. पण हा शब्द जरा फसवा आहे. सगळे पैलू एकाच वेळी, एकाच मापाने चमकत होते असं त्यातून वाटतं. लॉरीच्या बाबतीत पियानो अगदी सुरुवातीपासून आहे, तरी २०११ पर्यंत तो कशाच्या ना कशाच्या आडून वाजत राहिला. कधी विनोदी गाण्याच्या आडून, कधी वुडहाउसच्या बर्टीच्या, तर कधी डॉ. हाउसच्या. त्या वर्षी त्याने आडोसा बाजूला केला आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्सकडच्या जुन्या गाण्यांचा अल्बम स्वतःच्या नावाने काढला. कृष्णवर्णीयांचे ब्लूज एका इंग्रज नटाने गावेत का, यावर झालेली चर्चा आजही अधूनमधून उकरली जाते, आणि त्याच्या आधीच्या तीस वर्षांकडे पाहिल्याशिवाय ती नीट कळत नाही.

आधीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. जन्म ११ जून १९५९, ऑक्सफर्ड. वडील डॉक्टर. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दोघांच्या रोइंगचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं होतं, आणि घरात ते पदक मोज्यांच्या खणात पडून असायचं. मुलगा ईटनला गेला, तिथून केंब्रिजच्या सेल्विन कॉलेजात. विषय पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र. खरा अभ्यास मात्र वल्ह्यांचा. १९७७ मध्ये ज्युनियर गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातल्या १९८० च्या बोट रेसमध्ये तो केंब्रिजच्या होडीत होता. टेम्सवरच्या पावणेसात किलोमीटरच्या त्या शर्यतीत केंब्रिज हरलं ते जेमतेम काही फुटांनी. ऑक्सफर्डविरुद्ध असं खेळणाऱ्याला तिकडे 'ब्लू' म्हणतात. म्हणजे ब्लूजच्या कितीतरी आधी त्याला ब्लू मिळालेला होता, आणि पुढच्या भांडणाचं बरंचसं मूळ या दोन शब्दांमधल्या अंतरातच आहे.

ग्लँड्युलर फिव्हरने रोइंग सोडावं लागलं आणि हा माणूस विद्यापीठाच्या विनोदी नाट्यमंडळात शिरला. वर्षभरात तो तिथला अध्यक्ष झाला. १९८१ मध्ये त्यांचा प्रयोग एडिंबराच्या महोत्सवात गेला आणि तिथे त्या वर्षी पहिल्यांदाच दिलेला विनोदाचा मोठा पुरस्कार घेऊन आला. त्या चमूतल्या दोघातिघांची नावं पुढे जगाला पाठ झाली. पदवी तिसऱ्या वर्गात मिळाली.

इथून पुढे चौदा-पंधरा वर्षं इंग्लंडमधल्या टीव्हीची. 'ब्लॅकॲडर'मधला मठ्ठ राजपुत्र (१९८७) आणि खंदकातला निरागस लेफ्टनंट (१९८९), वुडहाउसच्या कथांवरच्या 'जीव्ह्ज अँड वूस्टर'चे २३ भाग (१९९० ते १९९३), आणि या सगळ्याच्या आगेमागे स्टीफन फ्रायबरोबरचा विनोदी कार्यक्रम 'अ बिट ऑफ फ्राय अँड लॉरी'. कथानकांत शिरत नाही. पण या काळात तो संगीताचं काय करत होता ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

'फ्राय अँड लॉरी'मध्ये त्याची एक गाण्याची नक्कल आहे. गिटार गळ्यात, माउथऑर्गन तोंडापाशी टांगलेला, अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या बंडखोर गायकाचा आव. जगात अन्याय आहे, भूक आहे, युद्ध आहे, आणि हे सगळं थांबवायला आपल्याला फक्त एक गोष्ट करायची आहे. ती गोष्ट कोणती हे सांगायची ओळ आली की गायक पुटपुटतो. शब्द कळत नाहीत. पुन्हा कडवं, पुन्हा तोच आवेश, पुन्हा पुटपुट. दुसऱ्या एका गाण्यात तो पियानोवर बसून अमेरिकेचं नाव घोळवून घोळवून, घशातून अमेरिकन दर्द काढत म्हणतो. सांगण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. शेवटी जोडीदार येऊन त्याला एक ठोसा ठेवून देतो आणि गाणं संपतं.

'जीव्ह्ज'मध्येही तेच. बर्टी वूस्टर पियानोवर 'मिनी द मूचर' म्हणायला बसतो. कॅब कॅलोवे या न्यू यॉर्कमधली हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती गाजवणाऱ्या कृष्णवर्णीय बँडमास्तराचं हे १९३१ चं गाणं. गायकाने आरोळी द्यायची आणि सगळ्यांनी तिला उत्तर द्यायचं, अशी त्याची रचना. इथे उत्तर द्यायला घरात एकटा त्याचा नोकर जीव्ह्ज. तो ताठ उभा राहून, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत, सरबराईच्या सुरात ती आरोळी परत करतो. हसू येतं ते विसंगतीचं. खानदानी इंग्रज पोराच्या तोंडी हार्लेमचं गाणं. वीस वर्षांनी लॉरीवर नेमका हाच आक्षेप आला, आणि त्या आक्षेपावरचे सगळ्यात चांगले विनोद त्याने स्वतःच आधी करून ठेवले होते. हे टीकाकारांच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं.

१९९६ हे मधलं वर्ष. त्याची 'द गन सेलर' ही हेरगिरीवरची खट्याळ कादंबरी आली. प्रकाशकाकडे हस्तलिखित त्याने टोपणनावाने पाठवलं होतं. टीव्हीवरचा चेहरा म्हणून छापलं जाऊ नये, हा हट्ट. त्याच सुमाराला एका धर्मादाय मोटारशर्यतीत, जिथे गाड्या मुद्दाम एकमेकींवर आदळवतात, आपल्या आजूबाजूला स्फोट आणि टकरी चालल्या असताना आपल्याला ना भीती वाटतेय ना मजा, आपण चक्क कंटाळलोय, असं त्याच्या ध्यानात आलं. तिथून तो मानसोपचारांकडे गेला. नैराश्याबद्दल पुढे तो मोकळेपणाने बोलला. दुसरी कादंबरी जाहीर झाली, ती आलीच नाही.

'हाउस' या डॉक्टरवरच्या अमेरिकन मालिकेबद्दल फारसं सांगायला नको. आपल्याकडेही रात्री उशिरा ती लावून बसणारे कमी नव्हते. नामिबियात विमान-अपघातावरच्या एका चित्रपटाचं चित्रीकरण चालू असताना हॉटेलच्या न्हाणीघरात, पुरेसा उजेड तिथेच होता म्हणून, त्याने चाचणीचा व्हिडिओ केला. तो पाहून मालिकेच्या दिग्दर्शकाने 'असा अस्सल अमेरिकन नट हवा' म्हटलं, हा किस्सा सर्वांना पाठ आहे. १६ नोव्हेंबर २००४ ते २१ मे २०१२, आठ पर्व, १७७ भाग. २००८ मध्ये ६६ देशांतले मिळून ८ कोटी १८ लाख प्रेक्षक. दोन गोल्डन ग्लोब मिळाले, एमीची सहा नामांकनं होऊनही एमी एकदाही नाही. किश्श्यातला 'अस्सल' हा शब्द मात्र लक्षात ठेवावा. इथे त्याच शब्दाने त्याला काम मिळवून दिलं.

हाउसच्या घरात पियानो ठेवलेला होता. आधी तो सजावटीपुरता वाटायचा. हळूहळू लेखकांना कळलं की या नटाला खरंच वाजवता येतं, आणि रोगी दगावला किंवा मैत्री तुटली की भागाचा शेवट पियानोवर होऊ लागला. पाचव्या पर्वात कडी या इस्पितळाच्या प्रमुखबाईंसाठी वाजवलेली छोटी रचना त्याची स्वतःची आहे. सुट्टीत तो टीव्हीवरच्या इतर नटांबरोबर मदतनिधीसाठी वाजवणाऱ्या एका हौशी बँडमध्ये कीबोर्डवर असायचा. इथवर कोणाची तक्रार नव्हती. नटाचा छंद म्हणून सगळं गोड होतं.

मग एका ध्वनिमुद्रण कंपनीने विचारलं आणि त्याने होकार दिला. २०११ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये 'लेट देम टॉक' आला. निर्माता अमेरिकेतला नावाजलेला. ब्रास वाद्यांची (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांची) रचना न्यू ऑर्लिन्सच्या ॲलन टूसाँची. एका गाण्यात तिथलेच डॉ. जॉन गातात, दुसऱ्यात तिथल्याच आयर्मा थॉमस, आणि एकात वेल्सचे टॉम जोन्स. इंग्लंडच्या यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. विक्री पाहता हा विषय तिथेच मिटायला हवा होता.

मिटला नाही, कारण वाद विक्रीचा नव्हता. ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या, एका भागाला लाखो डॉलर घेणाऱ्या नटाने गुलामांच्या नातवंडांची गाणी गावीत का, असा तो प्रश्न होता. हा प्रश्न येणार हे ओळखून लॉरीने अल्बमसोबतच्या टिपणातच हात वर केले होते. आपण १८९० च्या दशकात अलाबामात जन्मलो नाही, मालगाडीच्या डब्यात लपून प्रवास केला नाही, दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीने राबलो नाही. आपण गोरे, मध्यमवर्गीय इंग्रज आहोत आणि ही उघड घुसखोरी आहे, असं त्याने लिहिलं. (ईटनला शिकलेल्या माणसाने स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवून घेणं हा प्रकार फक्त इंग्लंडमध्येच होऊ शकतो.) पुढे त्याचं म्हणणं असं की हे संगीत काचेच्या कपाटात ठेवून 'फक्त वृद्ध कृष्णवर्णीयांनीच हाताळावे' अशी चिठ्ठी चिकटवलेली आपल्याला सहन होणार नाही.

या भांडणात 'ब्लूज' हा शब्द दोन्ही बाजूंनी सैल वापरला गेला, म्हणून इथे थोडं थांबतो.

ब्लूज हा एक साचा आहे. चार-चार ठोक्यांचे बारा बार. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं. शिवाय तो एक स्वर आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यातला गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोघांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. गायकाला आणि गिटारवाल्याला तो सापडतो. पियानोवाल्याची अडचण पेटीवाल्यासारखी, पट्ट्यांच्या मधे जागाच नाही. म्हणून तो काळी पट्टी दाबून बोट तसंच शेजारच्या पांढरीवर घसरवतो, किंवा दोन्ही जवळपास एकदम दाबतो, आणि कानाला मधल्या सुराचा भास होतो. लॉरीच्या डाव्या हातापेक्षा उजवा हात हे काम फार छान करतो. तिसरा अर्थ बाजाराचा. १९१२ च्या आसपास हा शब्द छापील गाण्यांच्या मथळ्यांत चढला, १९२० मध्ये मेमी स्मिथच्या तबकडीने त्याला मोठा धंदा मिळवून दिला, आणि त्यानंतर कंपन्या खपेल त्या गाण्यामागे 'ब्लूज' लावू लागल्या. आणि चौथा अर्थ, दुःखाचा. टीकाकार बहुधा याच चौथ्या अर्थाने बोलत होते. दुःख भोगलं नाही तर ब्लूज कसले?

आता अल्बममधली गाणी घ्या. 'आफ्टर यू हॅव गॉन' हे १९१८ चं, दोन कृष्णवर्णीय रचनाकारांनी रंगमंचाच्या वळणाने बांधलेलं गाणं. 'दे आर रेड हॉट' रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत ध्वनिमुद्रित केलं, पण ते खाण्याच्या जिनसा विकणारं उडतं गाणं आहे. 'टिपिटिना' न्यू ऑर्लिन्सच्या प्रोफेसर लाँगहेअर या पियानोवादकाचं, १९५३ चं, त्यात क्यूबाकडच्या रुंबाचा डुलता ठेका. पहिलंच गाणं 'सेंट जेम्स इन्फर्मरी'. जुगारी माणूस इस्पितळात टेबलावर ठेवलेली आपली प्रेयसी पाहतो आणि स्वतःच्या अंत्ययात्रेचा थाट ठरवू लागतो. लुई आर्मस्ट्राँगने १९२८ मध्ये ते गाजवलं. त्याचं मूळ काही अभ्यासक इंग्लंड-आयर्लंडच्या एका जुन्या लोकगीतात शोधतात. काहींना हा धागा ओढूनताणून जोडलेला वाटतो. धागा खरा असेल तर घुसखोर नेमका कोण, हा प्रश्न उलटा होतो. खोटा असला तरी बारा बारच्या मोजपट्टीने हा अल्बम निम्माच ब्लूजचा ठरतो. उरलेला न्यू ऑर्लिन्सचा, म्हणजे मुळातच सरमिसळीचा.

सगळ्यात गुंतागुंतीचं गाणं 'स्वॉनी रिव्हर'. लहानपणीच्या पियानोच्या शिकवणीची गोष्ट लॉरीने सांगितली आहे. पुस्तकातले रटाळ धडे संपवत संपवत तो याच एका गाण्याची वाट पाहत होता. पानाच्या डोक्यावर 'निग्रो स्पिरिच्युअल', म्हणजे कृष्णवर्णीयांचं भक्तिगीत, असं छापलेलं. तिथे आल्यावर बाईंनी 'हे नको' म्हणून पान उलटलं. पोराने शिकवणी सोडली. नंतर रेडिओवर विली डिक्सन या ब्लूज गीतकाराचं एक गाणं कानावर पडलं आणि मग तो ऐकून ऐकूनच शिकला.

गंमत अशी की पुस्तकावरचं लेबलच चूक होतं. ते स्पिरिच्युअल नव्हेच. १८५१ मध्ये स्टीफन फॉस्टर या गोऱ्या गीतकाराने ते लिहिलं, चेहऱ्याला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या एका गोऱ्या नाटकमंडळीसाठी. त्याने ती नदी पाहिलेली नव्हती. नकाशात शोधून, नाव चालीत बसावं म्हणून एक अक्षर कापून त्याने 'सुवानी'ची 'स्वॉनी' केली. तेच पुढे १९३५ मध्ये फ्लॉरिडाचं राज्यगीत झालं, आणि त्यातले गुलामगिरीच्या दिवसांसाठी झुरणारे शब्द अधिकृतरीत्या बदलायला २००८ उजाडलं. अस्सलपणाच्या नावाने या अल्बमवर टीका करायची तर तिला सगळ्यात पक्की जागा हीच होती. दक्षिणेत न राहिलेल्या गोऱ्या माणसाने लिहिलेलं, गोऱ्यांनी काळं तोंड करून गाइलेलं गाणं एक इंग्रज पुन्हा गातोय. जन्मदाखल्यावर गेलेला वेळ टीकाकारांनी इथे घालवला असता तर लॉरीला उत्तर देणं जड गेलं असतं.

'इंग्रजाने ब्लूज गाऊ नयेत' हे म्हणायलाही २०११ साली फार उशीर झाला होता. मिसिसिपीचे ब्लूज गायक मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडला आले ते इलेक्ट्रिक गिटार घेऊन. इंग्रज रसिकांना शेतमजुराची लाकडी गिटार ऐकायची होती, त्यांनी नाकं मुरडली. पुढच्या वेळी वॉटर्स साधी गिटार घेऊन आले, तोवर तिथल्या पोरांना इलेक्ट्रिकच हवी होती. अस्सल काय ते इंग्लंडने ठरवायचं आणि मिसिसिपीच्या माणसाने त्याप्रमाणे वाद्य बदलायचं, असा हा उलटा व्यवहार. त्याच पोरांनी नंतर बँड काढले आणि ते संगीत अमेरिकेला परत विकलं. त्यांना हा दाखला कोणी फारसा मागितला नव्हता. लॉरीला मागितला गेला तो इंग्रज म्हणून कमी आणि हाउस म्हणून जास्त, असं माझं मत. आधीच प्रसिद्ध असलेला नट रांग मोडून पुढे आला, ही खरी जळजळ होती. ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. हीच गाणी अर्धं आयुष्य गाणाऱ्या किती जणांना टूसाँची ब्रास परवडली असती?

गळ्याबद्दलची टीका मात्र रास्त आहे. त्याचा आवाज पातळ, नाकातला, आणि गाताना तो अमेरिकन उच्चार चढवतो. पियानो कानाला लगेच पटतो, गळा प्रत्येक ओळीला परवानगी मागत येतो. लेडबेली या जुन्या ब्लूज गायकाच्या गाण्यात हे फार जाणवतं, जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाच्या गाण्यांत त्या मानाने कमी, कारण तिथे वाद्यच जास्त बोलतं.

२०१२ नंतरची कामं पटकन मोजून टाकतो. 'द नाइट मॅनेजर' ही कादंबरी १९९३ मध्ये वाचून तिचे हक्क मिळवायची आणि त्यातला तरुण नायक रंगवायची त्याची फार इच्छा होती. हक्क मिळाले नाहीत. २०१६ मध्ये मालिका झाली तेव्हा वयाने त्याला खलनायकाकडे ढकललं होतं, आणि त्या शस्त्रांच्या सौदागराने त्याला तिसरा गोल्डन ग्लोब दिला. 'व्हीप'मधला गुळगुळीत राजकारणी, 'ॲव्हेन्यू ५'मधला तोतया कप्तान, डिकन्सचा मिस्टर डिक. ब्रिटिश सन्मानांपैकी २००७ मध्ये ओबीई, २०१८ मध्ये सीबीई. २०२२ मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या एका रहस्यकथेची तीन भागांची मालिका त्याने लिहिली आणि दिग्दर्शित केली, त्यात स्वतःला भूमिका दिली ती पुन्हा डॉक्टरचीच.

संगीतातलं त्याचं उत्तर मात्र २०१३ मध्येच येऊन गेलं होतं. दुसऱ्या अल्बमचं नाव 'डिडन्ट इट रेन'. या गाण्याला इंग्लंडमध्ये एक इतिहास आहे. मे १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी मैफल भरवली होती. श्रोते एका फलाटावर, गाणारे रुळांपलीकडच्या फलाटावर. पाऊस आला. अमेरिकन गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) गायिका सिस्टर रोझेटा थार्प ओव्हरकोट घालून आल्या, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि तिथल्या तिथे हेच गाणं सुरू केलं. लॉरी तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता.

या खेपेला त्याने गळ्याचा प्रश्न साध्या मार्गाने सोडवला. ताज महाल या नावाच्या अमेरिकन ब्लूज गायकाला एक गाणं दिलं. ग्वाटेमालाची गॅबी मोरेनो आणि जीन मॅक्लेन या दोघींना पुढे उभं केलं. 'आय हेट अ मॅन लाइक यू' हे लिझी माइल्सने १९२९ मध्ये जेली रोल मॉर्टनच्या पियानोवर गाइलेलं गाणं. ते मॅक्लेन गाते, आणि लॉरी मॉर्टनच्या जागी बसतो.